रिटर्न गेलं, रिफंड आला नाही: पैसे नक्की कुठं अडकलेत ते आधी शोधा

मिक्सर परत गेला, ॲपवर 'रिटर्न पूर्ण' असं हिरव्या अक्षरात दिसतंय, खात्यात मात्र काही नाही. कस्टमर केअरला फोन लावला की उत्तर ठरलेलं, "सर, अजून ४८ तास थांबा." ते सरले की फोनवर नवा माणूस. त्याला पुन्हा मुळापासून सगळं सांगायचं आणि त्याच्याकडूनही ४८ तासच घेऊन फोन ठेवायचा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. दसरा-दिवाळीचे सेल आटोपले की ही तक्रार घेऊन लोक हमखास येतात. रक्कम कुणाची सहाशे असते, कुणाची अठरा हजार.

भांडायची तयारी सगळ्यांचीच असते, पण भांडण बहुतेक वेळा भलत्याशीच चाललेलं असतं. पैसे बँकेत लटकलेले आणि बोलणी खातोय कुरिअरचा पोरगा. नाहीतर वस्तू गोदामात पोचलेलीच नाही आणि माणूस बँकेच्या काउंटरवर पासबुक आपटतोय. तुमच्या दारातून वस्तू निघाली की चार हातांतून काम जातं: कुरिअर वस्तू उचलतं, गोदाम तपासतं, कंपनी पैसे सोडते, बँक जमा करते. या प्रत्येकाकडं दाखवायला एखादा क्रमांक किंवा कागद असतोच. तो मागितला की कोण अडवून बसलंय ते कळतं.

मी शेवटच्या टोकाकडून, म्हणजे खात्याकडून सुरुवात करतो. बऱ्याचदा पैसे आलेले असतात, फक्त आपण बघतोय तिथं आलेले नसतात.

आधी बघा, पैसे दुसरीकडं तर गेले नाहीत?

रिफंड साधारणपणे ज्या मार्गानं पैसे दिले त्याच मार्गानं परत जातो. ऑर्डर कुणाच्या नावावर होती याचा तिथं संबंध नसतो. कसबा बावड्याच्या एक काकू तक्रार लिहून घ्यायला आल्या होत्या. मी विचारलं, "काकू, पैसे कुणाच्या फोनवरनं दिलते?" "आमच्या पुतण्याच्या. त्यानंच स्कॅन केलतं." "मग त्याचं खातं बघितलंसा का?" पुतण्याच्या खात्यात रक्कम कधीच येऊन बसली होती. त्याला एसएमएस आला नव्हता, कारण लहान रकमेच्या जमेचा एसएमएस काही बँका पाठवतच नाहीत. म्हणून एसएमएसवर विसंबू नका. स्टेटमेंट काढा आणि त्यात रक्कम शोधा. कंपनीचं नाव शोधून फारसा उपयोग नाही, कारण जमेची नोंद पुष्कळदा रेझरपे, पेयू, सीसीॲव्हेन्यू अशा पेमेंट गेटवेच्या (कंपनीसाठी ऑनलाईन पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थाच्या) नावानं किंवा कंपनीच्या कायदेशीर नावानं येते, आणि ते नाव ॲपच्या नावापेक्षा वेगळंच असतं.

क्रेडिट कार्डवरचा रिफंड बचत खात्यात येत नाही, कार्डाच्या खात्यात जमा पडतो. बिलाची तारीख उलटून गेल्यावर आला तर पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो. "रिफंड यायचाच आहे, मग बिल कशाला भरू?" असं म्हणून थांबू नका. न भरलेल्या रकमेवरचं व्याज कंपनी देणार नाही. मात्र बिल भरायच्या मुदतीआधी रिफंड आला आणि तुम्ही पैसे भरलेले नसले, तर बँकेनं तो थेट देय रकमेतून वळता करायचा, असं रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत आहे. बँकेनं तसं केलं नसेल तर तो मुद्दा मांडा. वस्तू ईएमआयवर घेतली असेल तर रिफंड आल्यानंतर ईएमआय रद्द झाला का, हे बँकेला वेगळं विचारावं लागतं. तो आपोआप बंद झाला असेल असं धरून चालू नका.

कॅश ऑन डिलिव्हरीचा घोळ वेगळा. तिथं परत पाठवायला मूळ खातंच नसतं, म्हणून ॲप तुमच्याकडून खाते क्रमांक आणि आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड) मागतं. आपल्या जिल्ह्यात ऊसबिल एका बँकेत, पगार दुसरीत आणि बचत पतसंस्थेत, असा कारभार घरोघरी असतो. पतसंस्थेचं खातं रिफंडसाठी देऊ नका. तिचा स्वतःचा आयएफएससी नसतो, आणि पासबुकावर छापलेला कोड बहुतेकदा ती ज्या बँकेमार्फत व्यवहार करते त्या बँकेचा असतो. जुन्या चेकबुकावरून कोड उतरवणारेही इथंच अडकतात. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली आणि तिचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या, देना आणि विजया त्याआधी २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये. असा मेलेला कोड दिला की रक्कम कंपनीकडं परत जाते, आणि ॲपवर 'रिफंड पाठवला' हे तसंच राहतं.

ॲपमधलं वॉलेटही उघडून बघा. रिटर्न टाकताना 'लगेच रिफंड' असं बटण दाबलं असेल तर रक्कम तिथं गेलेली असते, आणि ती बँकेत काढता येईलच असं नाही.

रक्कम आलीय पण कमी, हीसुद्धा नेहमीची तक्रार. कुपनची सूट, कार्डाची सवलत, परत न मिळणारं डिलिव्हरी किंवा हाताळणी शुल्क, तीनपैकी एकच वस्तू परत केल्यावर सवलतीची झालेली फोड, यांतलं काहीतरी कारण असतं. बिलाशी ताळा करूनच तक्रार करा. पाच हजारांच्या खरेदीवर मिळालेली सूट दोन हजारांची वस्तू ठेवल्यावर कायम राहत नाही. त्यात कंपनीची लबाडी नसते.

ॲप म्हणतं 'रिफंड पूर्ण', खातं म्हणतं 'नाही'

इथं कस्टमर केअरला एवढंच विचारायचं: "रिफंडचा संदर्भ क्रमांक द्या." यूपीआय असेल तर बारा अंकी आरआरएन, कार्ड असेल तर तेवीस अंकी एआरएन, एनईएफटी असेल तर यूटीआर. पैसे खरोखर निघाले असतील तर हा क्रमांक असतोच. तो देता येत नसेल तर पैसे अजून कंपनीकडंच आहेत असं धरून चाला, मग समोरचा कितीही गोड बोलो. 'रिफंड सुरू केला' आणि 'रिफंड झाला' यांत आठवडाही जाऊ शकतो, म्हणून क्रमांकाबरोबर तारीखही लिहून घ्या.

क्रमांक मिळाला की बँकेत जा. काउंटरवर "माझा रिफंड आला नाही वो" म्हटलं तर "कंपनीला विचारा" हे उत्तर मिळणार. त्याऐवजी एका ओळीचा अर्ज द्या: या क्रमांकाची जमा माझ्या खात्यात आली आहे का, नसल्यास लेखी कळवावे. पोच घ्या. बँकेनं 'आली नाही' असं लिहून दिलं तर तोच कागद कंपनीला पाठवायचा. दोघं एकमेकांकडं बोट दाखवत असतात तेव्हा एकाचं उत्तर लेखी मिळालं की दुसऱ्याला सुटका नसते. यूपीआयचं जुनं खातं बंद झालं असेल तर रक्कम फिरून कंपनीकडं जाते. ती नव्या खात्यात वळवायला कंपनीलाच सांगावं लागतं.

एक गैरसमज फार पसरलाय: उशीर झाला की दिवसाला शंभर रुपये मिळतात. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं ते परिपत्रक फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. म्हणजे खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोचलेच नाहीत, असं झालं तर. व्यवहार नीट झाला, वस्तू आली, तुम्ही ती परत केली आणि कंपनीनं पैसे दाबून ठेवले, तर ते परिपत्रक लागू होत नाही. तक्रारीत त्याचा दाखला दिला की समोरच्याला आयतं खोडून काढायला मिळतं.

गोदामात वस्तू 'नापास'

हा टप्पा सगळ्यात चिकट. 'चुकीची वस्तू मिळाली', 'वापरलेली आहे', 'डबा रिकामा', असा शेरा मारून रिटर्न फेटाळतात. मुद्दाम फसवणारे ग्राहक असतात, हे मान्य. पण त्यांच्या पापाची वजावट सरळ माणसाकडून होते.

शेरा आला की फोन बंद आणि लेखी सुरू. तीन गोष्टी मागा: गोदामात पार्सल उघडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ, परतीच्या पार्सलचं नोंदलेलं वजन, आणि उचलणाऱ्या माणसानं दारात केलेल्या तपासणीची नोंद. बऱ्याच कंपन्यांचा माणूस वस्तू घेताना फोटो काढतो, सिरीयल नंबर जुळवतो आणि ॲपमध्ये होकार भरतो. दारात पास झालेली वस्तू गोदामात वेगळी निघाली, तर मधल्या प्रवासाचा जाब तुम्ही द्यायचा की त्यांनी? वजनाचा मुद्दा तर फार कामाचा. डबा रिकामा होता म्हणतात आणि कुरिअरच्या नोंदीत वजन दोन किलो, मग बोलणंच खुंटतं.

तुमच्या बाजूनं पुरावा म्हणून वस्तू भरताना एकसंध व्हिडिओ हवा. सिरीयल नंबर, वस्तू, डबा, चिकटपट्टी आणि वर लावलेलं लेबल, सगळं न थांबता एकाच चित्रीकरणात. चपलेसाठी कोण व्हिडिओ काढतंय, असं वाटेल. (कोल्हापुरात राहून कोल्हापुरी ऑनलाईन मागवणाऱ्यांना मी काही बोलत नाही, पण ती परत करताना तरी व्हिडिओ काढा.)

दोन ऑर्डरींच्या वस्तू एकाच पिशवीत भरून देऊ नका, उचलणारा "एकातच द्या की" म्हणाला तरी. गोदामात एका लेबलाची एकच वस्तू नोंदवली जाते आणि दुसरीचा रिफंड 'वस्तू मिळाली नाही' म्हणून लटकतो. गांधीनगरच्या कापडबाजारातल्या दरांशी ताडून बघायला म्हणून एकदम चार साड्या मागवून तीन परत करणाऱ्यांचं हे दुखणं आहे.

आणखी एक मागणी लोक करत नाहीत, ती करून बघा. जीएसटी बिल असेल तर परत आलेल्या मालासाठी विक्रेता केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली क्रेडिट नोट, म्हणजे मूळ बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढतो. तिचा क्रमांक आणि तारीख मागा. क्रेडिट नोट निघाली असेल तर माल परत मिळाल्याचं विक्रेत्यानं स्वतःच्या हिशोबात कबूल केलंय. मग 'वस्तू पोचली नाही' हे त्याला म्हणता येणार नाही.

उचललं, पण कुठं गेलं कळत नाही

परतीचं पार्सल उचलताना एडब्ल्यूबी, म्हणजे कुरिअरचा पार्सल क्रमांक असतो. तो ॲपमध्ये दिसतो, नाहीतर पावतीवर असतो. दारात स्कॅन झाल्याशिवाय वस्तू हातात देऊ नका. "नेट नाही, ऑफिसला जाऊन करतो" असं पोरगा म्हणाला, तर निदान त्याच्या समोर पार्सलचा आणि लेबलाचा फोटो काढा आणि लगेच ॲपच्या चॅटमध्ये टाका. चॅटवर वेळ आपोआप पडते. पावसाळ्यात जास्त जपा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं तेव्हा वाहतूक ठप्प झाली होती. अशा वेळी रिटर्नची मुदत संपायच्या आत ॲपमध्ये विनंती टाकून तिचा स्क्रीनशॉट ठेवायचा. उचलायला कुणी आलं नाही, ही तुमची चूक धरता येत नाही, पण विनंती मुदतीत टाकली होती हे दाखवता आलं पाहिजे.

लेखी तक्रार कुणाला आणि कशी

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यानुसार प्रत्येक कंपनीनं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क आपल्या साईटवर द्यायचा असतो. त्या अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची. साईटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात हे पान असतं. तिथूनच पत्ता घ्या. सर्च करून पहिला दिसणारा 'कस्टमर केअर नंबर' कधीही लावू नका. तिथं भामटे बसलेत. रिफंड देतो म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतात, नाहीतर यूपीआय पिन मागतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही. तसं काही घडलंच तर लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा.

मेल लांबवू नका. संताप, 'मी जुना ग्राहक', 'सोशल मीडियावर टाकीन' हे सगळं गाळा. मी असा मजकूर लिहून देतो:

"ऑर्डर क्रमांक अमुक. अमुक तारखेला वस्तू परत दिली, एडब्ल्यूबी क्रमांक अमुक. आपल्या ॲपवर अमुक तारखेपासून 'रिफंड पूर्ण' दिसत आहे. माझ्या खात्यात रक्कम रुपये अमुक जमा नाही. बँकेचे पत्र सोबत जोडले आहे. रिफंडचा संदर्भ क्रमांक कळवावा, अन्यथा रक्कम सात दिवसांत द्यावी. या तक्रारीचा क्रमांक कळवावा. तसेच विक्रेत्याचे पूर्ण नाव आणि पत्ता द्यावा."

शेवटचं वाक्य वगळू नका. ॲप आणि विक्रेता बऱ्याचदा वेगवेगळे असतात आणि पुढं दोघांनाही पक्षकार करावं लागतं. खरेदीनंतर ग्राहकानं लेखी मागितलं तर ॲपनं विक्रेत्याचा पत्ता देणं त्याच नियमांत बंधनकारक आहे. बिलावरचा जीएसटी क्रमांकही बघा. पहिले दोन अंक २७ असतील तर विक्रेत्याची ती नोंदणी महाराष्ट्रातली, २९ तर कर्नाटकातली.

तरीही दाद नाही

आधी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. मराठीत बोलता येतं. ऑनलाईनही तक्रार टाकता येते. हेल्पलाईन आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीच्या वेगळ्या टेबलावर जाते. ४८ तासांचं गाणं गाणाऱ्यांकडून जे होत नाही ते तिथून होताना मी बघितलंय. कागद तयार असतील तर लहान रकमांचं काम बहुतेक इथंच उरकतं.

कार्डानं पैसे दिले असतील तर बँकेकडं चार्जबॅक मागता येतो, म्हणजे दिलेले पैसे बँकेमार्फत विक्रेत्याकडून परत मागता येतात. माल परत केला, पण क्रेडिट मिळालं नाही, हे त्यासाठी मान्य कारण आहे. व्हिसाच्या नियमांत त्याची वेगळी वर्गवारी आहे. मुदत मर्यादित असते, म्हणून कंपनीच्या तारखांवर तारखा घेत महिने घालवू नका. यूपीआयमध्येही त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवता येते. चार्जबॅक केल्यावर कंपनी तुमचं ॲपवरचं खातं बंद करण्याची शक्यता असते. वॉलेटमध्ये काही पैसे असतील तर ते आधी वापरून टाका. बँकेनंच तीस दिवस दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, पण ती बँकेविरुद्ध. दुकानदाराविरुद्ध तो काही करत नाही.

उरतो जिल्हा ग्राहक आयोग. 'केस बेंगळुरूच्या न्यायालयातच' असं कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं, त्याला घाबरून लोक परत फिरतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे तुमच्यासाठी कोल्हापूर. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज टाकता येतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कायदा तीन महिन्यांत निकाल लावावा म्हणतो, प्रत्यक्षात वेळ जातो. सहाशे रुपयांसाठी मी कुणाला तिकडं पाठवत नाही. अठरा हजारांसाठी नक्की पाठवतो. मात्र शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यासाठी घेतलेला माल असेल तर 'व्यापारी हेतू' हा आक्षेप येणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवलेल्या धंद्याला कायद्यात सूट आहे, ती नीट मांडावी लागते.

पैसे सुटायची वेळ आली की कंपनीकडून मेल येतो, 'तुमची समस्या सुटली आहे का?' आणि खाली 'हो'चं बटण. रक्कम पासबुकात पूर्ण उमटल्याशिवाय ते दाबू नका, हेल्पलाईनच्या पोर्टलवरही नाही. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडायची म्हणजे नवा क्रमांक, नवा माणूस आणि पुन्हा ४८ तास.